शिवड्याच्या पोटातला जंत नवा कधी ठरतो?

प्रश्न : गोदावरीतला शिवडा कापताना आतड्यात पांढरे, शेवयांसारखे जंत निघाले. ही विज्ञानाला माहीत नसलेली जात असू शकेल का? ते ठरवतात कसे? आणि असा मासा खावा का?
– एक वाचक, पैठण

उत्तर : आधी खाण्याचे. हे जंत आतड्यात राहतात आणि आतडे आपण टाकूनच देतो. मासा साफ करून नीट शिजवा आणि निर्धास्त खा.

शिवड्यातले पट्टकृमी बरेचदा ‘गँजेसिया’ प्रजातीचे निघतात. डोक्याच्या टोकाला आकड्यांचे कडे, खाली चार चूषक आणि मागे खंडाखंडांची लांबलचक पट्टी, अशी त्यांची ठेवण. भारतात आणि शेजारच्या देशांत या प्रजातीत तब्बल ४८ जातींची नावे नोंदली गेली होती आणि त्यांतली बरीच एकट्या शिवड्यातून. एका माशाच्या आतड्यात इतक्या जाती नांदतात, हे मनाला पटत नाही. अनिर्बन अ‍ॅश, टोमास शोल्झ आणि त्यांच्या सहकारी संशोधकांनी ज्यांवरून ही नावे दिली गेली ते जुने मूळ नमुने काढले, भारतीय उपखंडातून ताजे जंत गोळा केले, डीएनएही ताडून पाहिला. २०१२ साली त्यांचा निष्कर्ष छापून आला : ४८ पैकी खऱ्या जाती फक्त चार. शिवड्यात सर्रास सापडणाऱ्या ‘गँजेसिया बेंगालेन्सिस’चे वर्णन तर साउथवेल या संशोधकाने १९१३ सालीच करून ठेवले होते.

एवढी नावे वाढतात कशी? मासा मेला की थोड्याच वेळात जंतही मरतो, फुगतो, त्याचे आकडे गळू लागतात. असा जंत दोन काचांमध्ये दाबून चपटा केला की एकूण एक माप बदलते. त्या मापांवर नवे नाव ठेवणे म्हणजे आपणच केलेल्या बिघाडाला जात म्हणणे.

नीट काम करणारा संशोधक नुकताच मेलेला मासा घेतो. जंत मिठाच्या सौम्य पाण्यात धुतो आणि त्यावर गरम फॉर्मालिन ओततो. जंत आक्रसायच्या आत, लांब पसरलेल्या स्थितीतच मरतो. दाबायची गरजच उरत नाही. एक तुकडा आधीच अल्कोहोलमध्ये बाजूला ठेवतात, कारण फॉर्मालिनने डीएनए खराब होतो. मग कारमाइनचा रंग चढवला की प्रत्येक खंडातली वृषणे, अंडाशय, कडेच्या पीतक ग्रंथी सूक्ष्मदर्शकाखाली गुलाबी दिसू लागतात. त्यांची मापे घेतात, आकृत्या काढतात.

खरी कसोटी यानंतरची. जवळच्या प्रत्येक जातीचा मूळ नमुना संग्रहालयातून मागवून शेजारी ठेवायचा आणि फरक टिकतो का ते पाहायचे. या पायरीला जो कंटाळतो, त्याने नवे नाव देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. प्राण्यांच्या नामकरणाचे आंतरराष्ट्रीय नियमही कडक आहेत. २००० सालापासून मूळ नमुना ठरवून दिल्याशिवाय आणि तो कुठे जपला जाईल हे सांगितल्याशिवाय नवे नाव ग्राह्य धरत नाहीत.

तेव्हा तुमचा जंत नवा असण्याची शक्यता कमीच. पण नाहीच असेही नाही. पुन्हा असा मासा मिळाला तर आतडे बर्फात ठेवा, नदी, गाव आणि तारीख लिहा, माशाचा फोटो काढा आणि त्याच दिवशी जवळच्या महाविद्यालयाच्या प्राणिशास्त्र विभागात नेऊन द्या.