सोयाबीनच्या मुळावरची गुलाबी गाठ : रेणूपासून परिसंस्थेपर्यंत



रेणू, पेशी, ऊती, अवयव, सजीव, परिसंस्था ही शिडी तुम्हाला तोंडपाठ असते. पण ती बघायची कुठे?

मागच्या पावसाळ्यात वर्गातल्या एका मुलाने सोयाबीनचं रोप उपटून आणलं. "सर, मुळाला रोग पडलाय. गाठीच गाठी. बाबा म्हणतात औषध सोडावं लागेल."

मी एक गाठ नखाने ओढली, अलगद सुटली. ब्लेडने कापली, तर आत गुलाबी! म्हणजे रोग नव्हे. (सूत्रकृमीची गाठ असती तर मूळच फुगलं असतं, ती अशी सुटत नाही.)

आता गंमत बघा. हवेत सुमारे 78 टक्के नायट्रोजन आहे, पण त्याच्या रेणूतले दोन अणू तिहेरी बंधाने घट्ट जोडलेले असतात. झाडाला स्वतःहून तो बंध तोडता येत नाही. गाठीतल्या रायझोबियम गटातल्या जिवाणूंना येतो. त्यांच्याकडे नायट्रोजिनेज नावाचं विकर असतं, त्याने अमोनिया तयार होतो. अडचण एकच. ऑक्सिजन लागला की हे विकर बिघडतं, आणि जिवाणूंना श्वसनासाठी ऑक्सिजन तर हवाच! मग गाठीच्या पेशी लेगहिमोग्लोबिन हे प्रथिन बनवतात. ते ऑक्सिजन धरून ठेवतं आणि बेताबेताने देतं. आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनचं हे चुलत भावंड, यातही लोह असतं. म्हणून तो गुलाबी रंग.

बदल्यात पानांनी केलेली साखर वाहक ऊतींमधून गाठीपर्यंत येते. फुकट कोणी राबत नाही. युरिया जास्त टाकला तर झाड गाठी कमी धरतं, आयतं मिळतंय तर साखर कशाला खर्च करा?

पुढे पाला गळतो, मुळं कुजतात, जमिनीतले इतर जीव ते खातात आणि नायट्रोजन पुढच्या पिकाला मिळतो. तुमचे आजोबा "हरभऱ्याचा बेवड चांगला" म्हणतात ना, ते हेच. गाठीतला जिवाणू बायरिंक या शास्त्रज्ञाने 1888 मध्ये वेगळा काढला. बेवड शेतकऱ्याला त्याआधीपासून ठाऊक होता.

औषध सोडायचं राहिलं. दुसऱ्या दिवशी तो मुलगा आणखी पाच रोपं घेऊन आला. काही गाठी आतून हिरवट निघाल्या, काही पांढऱ्या. हिरवट म्हणजे म्हातारी झालेली. पांढरी म्हणजे काम सुरू न झालेली किंवा निकामी. तुम्हीही फुलोऱ्याच्या सुमारास घरच्यांना विचारून एक रोप मुळासकट खणून काढा (उपटलं की गाठी मातीतच राहतात), दहा गाठी कापा आणि गुलाबी किती ते वहीत लिहून आणा.