नौसैनिकाचा श्वास आणि नोंदींचा पुरावा

भेस्तानात कारखान्यांच्या शेडवर राखी रंगाचे पन्हळी पत्रे आपण नित्य पाहतो. जुन्या सिमेंटी पत्र्यांत ॲस्बेस्टॉस हे तंतुमय खनिज असते. ते जळत नाही. म्हणूनच गेल्या शतकात बाष्पचलित युद्धनौकांतील बॉयलर व नळ्या त्याने मढवीत असत. दुरुस्तीसाठी ते आवरण फोडले, की सूक्ष्म तंतू कोंदट इंजिनघरात पसरत आणि खलाशांच्या फुप्फुसांत रुतून बसत.

ह्यातून उद्भवणारा रोग मोठा कपटी. वीस, तीस, कधी चाळीस वर्षांनी तो डोके वर काढतो. तोवर नौका भंगारात गेलेली, नौसैनिक निवृत्त झालेला! मग भरपाई मागताना पुरावा कोठून आणावा? सर्वोच्च न्यायालयाने 1995 मध्ये ॲस्बेस्टॉस कारखान्यांना कामगारांच्या आरोग्याच्या नोंदी 40 वर्षे जपण्यास फर्माविले, ते ह्याच कारणाने. ब्रिटनने 2016 पासून मेसोथेलिओमा ह्या कर्करोगाने ग्रासलेल्या माजी सैनिकांना 1,40,000 पौंड एकरकमी घेण्याची सोय केली.

आपल्या सैनिकांविषयी 2013 चा धरमवीर सिंग खटला महत्त्वाचा होय. भरतीच्या वेळी रोगाची नोंद नसेल व पुढे त्याच रोगामुळे सेवा सोडावी लागली, तर तो सेवेतच जडला असे मानावे, असा तो निर्णय. परंतु गोम येथेच आहे. आमच्या कोकणातील एखाद्या स्टोकरला निवृत्तीनंतर पंचवीस वर्षांनी दम लागू लागला, तर हा आधार त्याला सहज लाभत नाही. कोणत्या नौकेवर, कोणत्या विभागात, किती वर्षे राबलो, हे त्यालाच दाखवावे लागते.