तान्ह्या मुलांची पोटाची दुखणी

पोटाच्या तक्रारीवाचून वाढलेले मूल विरळाच. यांतल्या बहुतेक तक्रारी आपोआप बऱ्या होतात. एक मात्र अशी आहे की, दुर्लक्ष झाल्यास ती दिवसा-दोन दिवसांत मुलाला संपवू शकते. प्राणिशास्त्राच्या वर्गात आतड्यांचे कार्य मी शिकले होते. पण हा भेद खरा कळला तो चतुर्थीच्या सुट्टीत, घरी.

मी पेडणे तालुक्यातील मोपा गावची. आमच्या सड्यावर २०२३ सालापासून विमाने उतरू लागली. पण घरातली घुटीची सहाण अजून तीच आहे. हळकुंड, वेखंड, मुरडशिंग, जायफळ, हिरडा यांचे ठरावीक वेढे देऊन आजी घुटी उगाळते. भावाच्या मुलाला ती दुसऱ्या महिन्यापासून मिळत होती. यावर माझे आजीशी जमत नाही. पहिले सहा महिने मुलाला आईच्या दुधावाचून काहीच नको, पाणीसुद्धा नको, असे आजचे वैद्यकशास्त्र सांगते. सहाण, बोट आणि पाणी यांतून जंतू पोटात जातात, ही पहिली भीती.

आधी किरकोळ तक्रारी सांगते. मूल दूध ओकते, कारण जठराच्या तोंडाची झडप अजून सैल असते. वजन नीट वाढत असेल तर काळजी नको. दूध पाजल्यावर मुलाला थोडा वेळ उभे धरावे, म्हणजे ढेकर निघते. दुसरी तक्रार संध्याकाळच्या रडण्याची. ‘पोटात वात धरला’ म्हणून आपण हिंग लावतो. हे रडणे सहाव्या आठवड्याच्या सुमारास सर्वांत जास्त असते आणि तीन-चार महिन्यांत थांबते. नेमके कारण शास्त्रालाही अजून पुरते उमगलेले नाही. श्रेय मात्र ज्याचे औषध शेवटी दिले त्याला मिळते! अंगावर पिणारे मूल दिवसातून आठ वेळा शी करील, नाहीतर पाच दिवस करणारही नाही. दोन्ही स्वाभाविक आहे. उलटी हिरवी झाली, शीतून रक्त पडले किंवा पोट फुगून घट्ट झाले, तर मात्र घरी थांबू नये.

आता हगवण. चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी आमच्या सात महिन्यांच्या बाळाला पाण्यासारखे जुलाब सुरू झाले. दुपारपर्यंत सात-आठ झाले. आजी वहिनीला म्हणाली, “पाजू नको गे. पोट रिकामे राहू दे. पाणी दिलेस तर आणखी वाहील.” वहिनीने पदर ओढून घेतला. बाळ ओठ चाटत होते. त्याची टाळू जरा खोल गेल्यासारखी मला वाटली. पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली, ती सावकाश खाली बसली.

आजीचा तर्क वरवर बरोबर वाटतो: वरून ओतू नये, म्हणजे खालून वाहणार नाही. पण जुलाबातले पाणी अंगातून येते, ते न पाजल्याने थांबत नाही. उलट, आजारी आतड्यातही एक दार उघडे राहते. आतड्याच्या पेशी ग्लुकोज आणि मिठातला सोडियम जोडीने आत घेतात आणि त्यांच्यामागून पाणी जाते. ही जोडी रॉबर्ट क्रेन या शास्त्रज्ञाने १९६० साली प्राग येथील परिषदेत मांडली. नुसते पाणी पुरेसे शोषले जात नाही, आणि साखर जास्त झाली तर तीच पाणी आतड्यात ओढून घेते. म्हणून प्रमाणाला महत्त्व.

याची मोठी कसोटी लागली ती १९७१ साली. बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांत पटकी पसरली होती आणि बनगावच्या छावणीत शिरेतून देण्याचे सलाईन संपत आले. डॉ. दिलीप महालनबीस यांनी एका लिटर पाण्यात २२ ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम मीठ व अडीच ग्रॅम खाण्याचा सोडा मिसळून ते पिंपांतून वाटले. पाजण्याचे काम रुग्णांच्या आयाबहिणींनी केले. मृत्यूचे प्रमाण ३० टक्क्यांच्या आसपास होते, ते ४ टक्क्यांच्या खाली आले. तोंडाने पाजून हे साधेल यावर पुष्कळ डॉक्टरांचा तेव्हा विश्वास नव्हता. तीच आपली जलसंजीवनी. मिश्रणाचे प्रमाण पुढे सुधारत गेले.

भाऊ पेडण्याच्या बाजारात धावला. पहिल्यांदा फळाच्या चवीचे गोड पेय घेऊन आला. ते परत पाठवून खरे पाकीट आणविले. ते एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात पूर्ण विरघळवायचे, अर्धेमुर्धे नव्हे, आणि चोवीस तासांनी उरलेले टाकायचे. पाकीट येईतो मी घरच्या घरी केले: लिटरभर पाणी, सपाट सहा चहाचे चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. दोन वर्षांखालच्या मुलाला प्रत्येक जुलाबानंतर ५० ते १०० मिलिलिटर, चमच्याचमच्याने. बाळाने उलटी केली तेव्हा दहा मिनिटे थांबून पुन्हा हळू सुरू केले. वहिनीने अंगावर पाजणे चालू केले. रात्री त्याने लंगोट भिजविला, तेव्हा वहिनी रडली.

सकाळी आम्ही त्याला दवाखान्यात दाखविले. तिथे जस्ताच्या गोळ्या मिळाल्या. जुलाब थांबले तरी चौदा दिवस द्यायच्या. मूल सुस्त पडले, पीतच नाही किंवा सहा तास लघवी झाली नाही, तर मात्र सकाळची वाट पाहू नये. बाळाला मीठ घातलेली उकड्या तांदळाची पेजही चालेल, असे डॉक्टर म्हणाले, तेव्हा आजीचा चेहरा जरा उजळला.

आजीचे पहिले मूल १९६४ सालच्या पावसाळ्यात हगवणीने गेले होते. तिसऱ्या दिवसापर्यंत त्याला कोणी पाणी दिले नव्हते; घरातल्या वडिलांनीच तसे सांगितले होते. हे तिने मला त्या दिवशी, भांडी आवरताना सांगितले. मग रिकामे पाकीट उलटसुलट करून तिने विचारले, “तेव्हा होते का गे हे?”

“पाकीट नव्हते, आजी,” मी म्हणाले. मीठ आणि साखर तेव्हाही चुलीशेजारी होती, हे मी तिला सांगितले नाही.