हदगावात राहून स्पॅनिश : लेकराच्या शिकवणीला किती पैसे लागतात?

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात स्पॅनिशचं नाव आहे, पण ते माध्यमिक टप्प्यासाठी. तिसरी-चौथीतल्या लेकराला ही भाषा शिकवायची असेल तर खर्च घरातूनच करावा लागतो. समोर बसून शिकवणारे शिक्षक पुण्या-मुंबईकडे सापडतात, त्यामुळे हदगाव, तामसा, निवघा या भागातल्या पालकांसाठी ऑनलाइन शिकवणी हाच व्यवहार्य मार्ग आहे.

हिशेबासाठी एका तासिकेचे ५०० रुपये धरू. एकट्या मुलाला आठवड्यात दोन तासिका, म्हणजे महिन्याला ४,००० रुपये. जुलै ते फेब्रुवारी असे आठ महिने धरले तर ३२,०००. शेतीवर चालणाऱ्या घराला हे झेपणारं नाही, आणि माझ्या मते त्याची गरजही नाही. या वयात लेकरू एकट्यापेक्षा चौघांत जास्त बोलतं. एकाच वयाची सहा मुलं जमवा. गटासाठी शिक्षकाने तासिकेला ६०० रुपये मागितले, तरी महिन्याचे ४,८०० रुपये सहा घरांत वाटून प्रत्येकी ८०० होतात. आठ महिन्यांचे ६,४०० रुपये.

याहून कमी खर्चात झालेलं काम मराठवाड्यातच आहे. तेव्हाच्या औरंगाबाद जिल्ह्यातल्या गाडीवाट गावच्या जिल्हा परिषद शाळेने २०१९ मध्ये मुलांनाच विचारलं, कोणती परदेशी भाषा शिकायची? रोबोटिक्सच्या ओढीने बहुतेकांनी जपानी निवडली. २०२० मध्ये एका जाणकाराने त्यांना ऑनलाइन आणि विनामूल्य शिकवलं. सगळ्यांकडे स्मार्टफोन नव्हते, म्हणून तासाला बसलेली मुलं ‘विषयमित्र’ झाली आणि शिकलेलं बाकीच्यांना सांगू लागली. हदगाव तालुक्यातल्या एखाद्या शाळेने शाळा सुटल्यावर एक खोली आणि एक मोठा पडदा दिला, तर गटाचा खर्च आणखी खाली येईल. मुख्याध्यापकांना आणि शाळा व्यवस्थापन समितीला हे जरूर विचारा.

पैसे भरण्याआधी शिक्षकाला एक प्रश्न विचाराच : तुम्ही मराठीतून शिकवता का? बहुतेक अॅप आणि क्लास इंग्रजीतून स्पॅनिश शिकवतात. मराठी माध्यमातलं लेकरू तिथे अडतं ते इंग्रजीपाशी, आणि फी मात्र स्पॅनिशची जाते. वास्तविक मराठी मुलाला ही भाषा बरीच जवळची आहे. ‘मला आंबा आवडतो’ म्हणजे ‘मे गुस्ता एल मांगो’, ‘मला आंबे आवडतात’ म्हणजे ‘मे गुस्तान लोस मांगोस’. क्रियापद आंब्याप्रमाणे बदलतं, अगदी आपल्यासारखं. चांगला मुलगा, चांगली मुलगी यांतला फरक ‘निन्यो बुएनो’, ‘निन्या बुएना’ मध्येही आहे. त-द चे उच्चार आपल्यासारखेच दंत्य आहेत. हे जाणणारा शिक्षक काही तासिका वाचवतो, म्हणजे तुमचे पैसेही. दोन शिक्षक समोर असतील तर शंभर रुपये जास्त घेणारा पण मराठीतून समजावणारा निवडा.

वर्षाची फी एकरकमी भरू नका. आधी एक तासिका मोफत किंवा तेवढ्याच तासिकेचे पैसे देऊन घ्या, मग फी महिन्या-महिन्याने द्या. कंपनीचा क्लास असेल तर सांगितलेल्या रकमेत १८ टक्के जीएसटी धरलाय का, ते विचारा. ३०,००० च्या पॅकेजवर तो ५,४०० रुपये होतो. ‘हप्त्याने भरा’ म्हणत विक्रेता प्रत्यक्षात कर्ज गळ्यात मारत नाही ना, हे कागद वाचून पाहा. खात्यातून आपोआप पैसे कापण्याची परवानगी देऊ नका. केंद्रीय शिक्षण मंत्रालयानेही डिसेंबर २०२१ मध्ये पालकांना हाच सल्ला दिला होता. मध्येच सोडल्यास किती पैसे परत मिळतील, ते लेखी घ्या. अडलंच तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे.

बाकी खर्च किरकोळ. रोज दीड जीबी डेटाचा महिन्याचा रिचार्ज तीनशेच्या आसपास पडतो आणि तो घरात बहुधा असतोच. गटाने एकाच फोनवर तास केला तर डेटाही एकाचाच लागतो. झूमची मोफत बैठक ४० मिनिटांनी बंद होते. आठ-नऊ वर्षांच्या मुलांना तेवढा वेळ पुरे, त्यासाठी पैसे भरायला नकोत. हजाराच्या आतला एक स्पीकर मात्र गटाने घ्यावा, कारण फोनच्या आवाजात सहा जणांना उच्चार नीट ऐकू येत नाहीत. वही, चित्रांच्या झेरॉक्स मिळून माणशी दोन-तीनशे रुपये धरा. गाणी आणि गोष्टी यूट्यूबवर फुकट आहेत. तासिका नसलेल्या दिवशी दहा मिनिटं ती लावा.

परीक्षेचं म्हणाल तर स्पॅनिशची जगभर मान्य असलेली ‘डेले’ परीक्षा शालेय मुलांसाठी वेगळी होते, पण ती ११ ते १७ वयोगटाकरता. तिची फी वेगळी आणि केंद्र मोठ्या शहरात, म्हणजे लेकराबरोबर एका मोठ्या माणसाचं जाण्या-येण्याचं भाडं आणि एखादा मुक्काम आलाच. तो खर्च सहावी-सातवीनंतर पाहावा. चौथीतल्या मुलासाठी कुणी ‘प्रमाणपत्रासकट’ म्हणून जास्त पैसे मागत असेल, तर ते प्रमाणपत्र बहुधा त्या क्लासने स्वतः छापलेलं असतं. त्याचे पैसे पॅकेजमधून कमी करायला सांगा.