यादीत नसलेला वायरमन

सुरतजवळच्या सचिन जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीत लाइट गेली, माग थांबले की पहिली शिवी वायरमनला बसते आणि दुसरी त्याच्या पगाराला. तो पगार गुपित नाही. सचिनला वीज देणारी दक्षिण गुजरात वीज कंपनी सरकारी. 2005 च्या माहिती अधिकार कायद्याच्या कलम 4 प्रमाणे प्रत्येक अधिकारी-कर्मचाऱ्याचा मासिक मोबदला तिने कुणी न मागताच जाहीर करायचा असतो. (सुरत शहरात टॉरंट ही खासगी कंपनीही आहे, तेव्हा अर्जाआधी बिलावरचं नाव बघावं.) पगार उघड असावेत याच मताचा मी आहे. पण अशी यादी वाचणारा फसतो तो तिच्यात नसलेल्या माणसांमुळे. नाव, हुद्दा, रक्कम असा तो तक्ता. त्यात वीस वर्षं नोकरी झालेला लाइनमन येतो आणि ठरावीक पगारावरचा विद्युत सहायकही. दोघांची सरासरी काढली तर ती दोघांपैकी कुणाचीच नसते. कंत्राटदाराचा माणूस तर कंपनीच्या हजेरीपटावरच नाही, मग तक्त्यात कुठून येणार? भर पावसात खांबाला शिडी लावणारा मात्र तोही असतो.

म्हणून मागायचं ते नुसत्या पगारांची यादी नव्हे. पदवार मंजूर जागा, भरलेल्या जागा, कंत्राटी माणसांची संख्या आणि कंत्राटदाराचा वेतनपट मागावा. वेतनपट खासगी माणसाकडे आहे, हे उत्तर पुरेसं नाही. दुसऱ्या कायद्याखाली सरकारी संस्थेला खासगी संस्थेकडून जी माहिती घेता येते, तीही माहिती अधिकार कायद्याच्या कलम 2 मधल्या ‘माहिती’त मोडते. शिवाय कंत्राटदाराने मजुरी बुडवली तर ती मूळ मालकाने भरायची, हे तत्त्व 1970 च्या कंत्राटी कामगार कायद्यापासून चालत आलं आहे. जिची भरपाई करावी लागेल तिचा हिशेब ठेवायला नको?

यावर खासगीपणाचा आक्षेप येतो, आणि तो निम्मा खरा आहे. सोसायटीचं कर्ज, पगारातली कपात, बँकेचं खातं यांच्याशी ग्राहकाचं काही देणंघेणं नाही. नोव्हेंबर 2025 पासून वैयक्तिक माहिती नाकारण्याची सूट आणखी रुंद झाली. कलम 4 मात्र जागच्या जागी आहे. तेव्हा नावानिशी मागू नये, पदानिशी मागावं, आणि मिळालेला कागद व्हॉट्सॅपवर फिरवून कुण्या एकाला गल्लीत उघडं पाडू नये. दुसरा आक्षेप असा की आकडे बाहेर आले की लोक जळतात. जळतात खरे, पण ते अर्धी यादी बघून. शेजारी कंत्राटी मजुरीचा रकाना आला की प्रश्न लाइनमनकडून ठेका देणाऱ्याकडे वळतो. बहुधा म्हणूनच तो रकाना सहजी मिळत नाही.

खानदेशातून आलेल्यांसाठी एक सांगतो: अर्ज मराठीत केला तर परत येऊ शकतो. कायद्यात इंग्रजी, हिंदी किंवा त्या भागाची राजभाषा एवढंच आहे, म्हणजे इथे गुजराती. आणि फी महाराष्ट्रासारखी दहा नाही, वीस रुपये.