जिन्याखालची बॅटरी

मे महिन्यातल्या एका रात्री घरभर कुजक्या अंड्यांचा वास सुटला. आईने आधी गॅसचा रेग्युलेटर बंद केला, मग न्हाणीघराच्या जाळीला नावं ठेवून झाली. वास येत होता जिन्याखालच्या कपाटातून. तिथे इन्व्हर्टरची १५० अँपिअर-अवरची ट्युब्युलर बॅटरी ठेवलेली. दार उघडलं तर बॅटरीच्या बाजू फुगलेल्या, आणि आतून पाणी उकळावं तसा आवाज. शेजारचे काका लगेच तिच्या क्लिपा काढायला निघाले. फोनवर आमचा वायरमन ओरडला, “हात लावू नका! आधी खिडक्या उघडा, मग मीटरजवळून इन्व्हर्टरचा एमसीबी पाडा आणि सगळे बाहेर व्हा.”

त्या ओरडण्याला कारण होतं. १२ व्होल्टच्या बॅटरीत दोन-दोन व्होल्टचे सहा सेल असतात. आमच्या बॅटरीतला एक शॉर्ट झाला होता. इन्व्हर्टरला ते कळत नाही. तो सहा सेलांसाठी ठरलेला दाब उरलेल्या पाचांवर देत राहतो, बॅटरी काही ‘फुल्ल’ होत नाही आणि चार्जिंग थांबत नाही. पाण्याचं विघटन होऊन हायड्रोजन सुटतो. हवेत तो चार टक्के झाला, तरी क्लिप काढताना उडालेली एक ठिणगी स्फोटाला पुरते. अंड्यांचा वास हायड्रोजन सल्फाइडचा. हा वायू विषारी, शिवाय नाक बधिर करणारा. वास येईनासा झाला म्हणजे धोका टळला, असं मुळीच समजू नये.

बॅटरीला बंद कपाट देणं हीच खरी गोम. दिसायला नीटनेटकं, पण हवा नाही आणि उष्णता कोंडते. साधारण दहा अंशांनी तापमान वाढलं की आयुष्य निम्म्यावर येतं. आता आमची बॅटरी मागच्या पडवीत, सावलीत आहे. कपाटच हवं असेल तर जाळी वरच्या बाजूलाही ठेवा, कारण हायड्रोजन हलका, तो वर जातो. देवघराचा दिवा जवळपास नको.

पाण्याचं म्हणाल तर फक्त डिस्टिल्ड वॉटर. बोअरचं तर नाहीच, ‘आरओचं चालतं हो’ म्हणणाऱ्यांचंही ऐकू नका; त्यात क्षार उरतातच. अ‍ॅसिड कधीही ओतायचं नाही, कारण उडून जातं ते पाणी. उन्हाळ्यात महिन्यातून एकदा पातळी दाखवणारे फ्लोट बघावेत. पाणी घालायचं ते बॅटरी पूर्ण चार्ज झाल्यावर, खुणेपर्यंतच. आधी काठोकाठ भरलं तर चार्जिंगमध्ये अ‍ॅसिड बाहेर येतं. प्लेटा उघड्या पडल्या असतील, तर मात्र आधी त्या बुडतील एवढं घाला. या कामाला चष्मा आणि रबरी हातमोजे हवेतच.

मोबाइलची बॅटरी २० ते ८० टक्क्यांत ठेवावी, हा सल्ला लोक इन्व्हर्टरलाही लावतात. ते उलटं आहे. लिथियमला काठोकाठ भरून राहणं मानवत नाही. शिशाच्या बॅटरीला रिकामं राहणं मानवत नाही. अर्धवट चार्ज राहिली की प्लेटांवर सल्फेटचे कडक खडे धरतात आणि मग ते सहज सुटत नाहीत. लोडशेडिंग होतं तेव्हा बॅटरीकडे लक्ष तरी जायचं. आता दिवे क्वचित जातात आणि बॅटरी विस्मरणातच मरते. गावाला जाताना ती पूर्ण चार्ज करून जा. वीज गेल्यावर पंखे-दिवे चालवा, इस्त्री आणि मिक्सर राहू द्या.

जुनी बॅटरी भंगारवाल्याला देऊ नका; तो बहुधा अ‍ॅसिड गटारात ओतून शिसं काढतो. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार ती परत गोळा करून पुनर्प्रक्रियेला पाठवण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. नवीन घेताना दुकानदार जुनीचे पैसे वळते करून देतो, ते आधीच बोलून घ्यावं.