वाढत्या वयातील वाकडा कणा आणि व्यायाम

व्यायामाच्या आधुनिक इतिहासात म्हैसूर शहराचे स्थान मोठे आहे. चौथे कृष्णराज वाडियार यांच्या आश्रयाने १९३३ साली जगन्मोहन राजवाड्यात योगशाळा सुरू झाली आणि तिरुमलै कृष्णमाचार्य तेथे मुलांना आसने शिकवू लागले. पुढच्याच वर्षी त्यांचे मेहुणे, बेळ्ळूर गावचे एक पंधरा-सोळा वर्षांचे कृश मुलगे, त्यांच्याकडे राहावयास आले. क्षय, हिवताप, विषमज्वर अशा आजारांनी या मुलाचे बालपण ग्रासले होते. १९३७ साली हाच मुलगा आसने शिकविण्यासाठी पुण्यास गेला आणि तेथेच स्थायिक झाला. बी. के. एस. अय्यंगार या नावाने तो पुढे जगास माहीत झाला. दोर, पट्टे, लाकडी ठोकळे व खुर्च्या यांचा आधार देऊन रोगी वा दुर्बळ शरीरासही आसन करता यावे, ही त्यांनी पुण्यात विकसित केलेली पद्धत होय.

त्याच दशकात न्यूयॉर्कमध्ये जोसेफ पिलाटीस नावाचा जर्मन गृहस्थ अशाच ध्यासाने काम करीत होता. त्याचा जन्म १८८३ सालचा. पहिल्या महायुद्धात तो इंग्लंडमध्ये स्थानबद्ध होता. १९२६ च्या सुमारास तो अमेरिकेत गेला. आपल्या व्यायामास त्याने ‘कॉन्ट्रॉलॉजी’, म्हणजे नियंत्रणाचे शास्त्र, असे नाव दिले होते. पोट, कंबर व पाठ यांचे खोलवरचे स्नायू स्थिर ठेवून श्वासाच्या लयीत सावकाश व अचूक हालचाल करावयाची, हे त्याचे सूत्र. १९६७ साली तो वारला आणि त्याचेच नाव त्या व्यायामास चिकटले. आता म्हैसूरमध्ये योगवर्गांच्या जोडीने पिलाटीसचे वर्गही भरतात. अशा शहरात एखाद्या मुलीची पाठ वाकडी दिसू लागली, तर तिचे आईवडील प्रथम व्यायामाकडे वळतील, हे स्वाभाविक आहे. व्यायामाने या मुलीचे काय साधते व काय साधत नाही, हे मात्र नीट समजून घेतले पाहिजे; कारण येथे चूक झाली तर गेलेला काळ परत मिळत नाही.

वक्रता म्हणजे काय?

पाठीचा कणा बाजूने पाहिल्यास नागमोडी दिसतो. ती त्याची निसर्गदत्त घडण आहे. मागून पाहिल्यास मात्र तो सरळ दिसावयास हवा. तसा न दिसता तो डावीकडे वा उजवीकडे वळला असेल आणि क्ष-किरणचित्रावर मोजलेला वळणाचा कोन १० अंश किंवा अधिक भरला, तर त्या स्थितीस स्कोलिऑसिस म्हणतात. कोन मोजण्याची प्रचलित रीत अमेरिकन अस्थिशल्यज्ञ जॉन कॉब यांनी १९४८ साली मांडली. कणा केवळ बाजूला झुकत नाही, त्याचे मणके स्वतःभोवती थोडे फिरतातही. मणक्यांबरोबर बरगड्या फिरतात आणि त्यामुळे पाठीवर एका बाजूस उंचवटा येतो.

कुमारवयातील दर शंभर मुलांपैकी दोन-तीन मुलांत अशी वक्रता आढळते. सौम्य वक्रता मुलगे व मुली या दोहोंत दिसते. वाढत जाणारी वक्रता मात्र मुलींत कितीतरी अधिक असते. बहुतेक मुलांच्या बाबतीत निश्चित कारण सापडत नाही. आनुवंशिकतेचा त्यात वाटा आहे. दप्तराचे ओझे, एका कुशीवर झोपणे किंवा पोक काढून बसणे ही त्याची कारणे नव्हेत. म्हणून ‘सरळ बस’ असे मुलीस दिवसातून दहादा बजावण्याने वक्रता कमी होत नाही; आपल्याच चुकीने आपण वाकडे झालो, असा ग्रह मात्र तिच्या मनात घर करतो.

घरच्या घरी ओळखण्याचा उपाय सोपा आहे. मुलीस पाय जुळवून उभे करावे आणि गुडघे न वाकविता, दोन्ही तळहात जुळवून, कमरेतून पुढे वाकावयास सांगावे. मागे उभे राहून पाहिले असता पाठीची एक बाजू दुसरीपेक्षा उंच दिसली, तर डॉक्टरांना दाखवावे. विल्यम ॲडम्स या इंग्रज शल्यज्ञाच्या नावाने ही परीक्षा ओळखली जाते. वेणी घालताना एक खांदा वर दिसणे, परकराची किनार एका बाजूस खाली येणे, कमरेच्या दोन बाजूंची खोली सारखी नसणे, या खुणाही आईच्या नजरेस पडू शकतात.

काळाचे महत्त्व

वक्रता वाढते ती मुख्यतः उंची झपाट्याने वाढण्याच्या काळात. मुलींत हा काळ साधारणपणे अकराव्या ते तेराव्या वर्षी, म्हणजे मासिक पाळी सुरू होण्याच्या आगेमागे येतो. मुलांत तो दीड-दोन वर्षे उशिरा येतो. वाढ संपताना वक्रता ३० अंशांच्या आत राहिली तर ती पुढे सहसा वाढत नाही. ५० अंशांच्या पुढे गेलेली वक्रता प्रौढपणीही हळूहळू, वर्षास सुमारे एका अंशाने, वाढत राहू शकते. उपचाराचे सारे धोरण या हिशेबावर उभे आहे. वाढत्या वयात २५ अंशांपर्यंत दर चार ते सहा महिन्यांनी तपासणी, २५ ते ४० अंशांत आधारपट्टा आणि ४५-५० अंशांपुढे शस्त्रक्रियेचा विचार, असा सर्वसाधारण क्रम आहे.

आधारपट्टा, ज्यास ब्रेस म्हणतात, उपयोगी पडतो की नाही याविषयी पुष्कळ काळ मतभेद होते. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन-कॅनेडियन चाचणीने त्याचा बराचसा निकाल लावला. पट्टा वापरणाऱ्या मुलांपैकी ७२ टक्के मुलांची वक्रता वाढ संपेपर्यंत ५० अंशांच्या आत राहिली. नुसत्या देखरेखीखालील मुलांत हे प्रमाण ४८ टक्के होते. दिवसाचे तेरा तास वा अधिक काळ पट्टा घालणाऱ्यांत यश नव्वद टक्क्यांहून अधिक होते. दुसऱ्या बाजूने पाहता, देखरेखीखालील जवळजवळ निम्मी मुले पट्ट्यावाचूनही त्या मर्यादेत राहिली. एखाद्या मुलीची वक्रता व्यायामाच्या काळात वाढली नाही, एवढ्यावरून ती व्यायामाने थांबली असे का म्हणता येत नाही, याचे उत्तर या आकड्यात आहे.

व्यायाम काय करतो?

वक्रतेसाठी खास व्यायामांची परंपरा जुनी आहे. जर्मनीत काथारिना श्रोथ या बाईंनी १९२१ साली माइसेन येथे असे उपचार सुरू केले. त्यांचा स्वतःचा कणा वाकडा होता. दबलेल्या बाजूच्या बरगड्यांत श्वास भरून छाती आतून उघडावयाची, हा त्यांच्या पद्धतीचा गाभा होय. पिलाटीसमधील श्वास व नियंत्रण यांची त्याच्याशी सहज सांगड बसते. म्हणून काही शिक्षक दोहोंचा मिलाफ करतात.

अशा व्यायामांवर झालेल्या चाचण्या बहुधा लहान व अल्पकालीन आहेत. २०१४ साली अमेरिकेत २५ रुग्णांना वक्रतेच्या बहिर्गोल बाजूवर वसिष्ठासनासारखे एक आसन करावयास देऊन चांगले परिणाम नोंदविण्यात आले. परंतु तुलनेसाठी व्यायाम न करणारा गट तेथे नव्हता. पाठीचे स्नायू बळकट होणे, श्वास मोकळा होणे, वेदना कमी होणे, आपल्या शरीराची नेमकी जाणीव येणे, हे लाभ व्यायामापासून अपेक्षिता येतात. मोठी वक्रता केवळ व्यायामाने सरळ होईल, असे वचन कोणी दिल्यास त्यावर विश्वास ठेवू नये.

व्यायामाचा आरंभ उताणे निजून करावा. गुडघे उभे ठेवून, डोके एका दिशेस व माकडहाड दुसऱ्या दिशेस जात आहे अशी कल्पना करीत कणा लांबवावा. मग शिक्षकाने पाठीच्या दबलेल्या भागावर हात ठेवावा आणि मुलीने त्या हाताखाली श्वास भरण्याचा प्रयत्न करावा. तिसऱ्या पायरीस गुडघे व तळहात यांवर टेकून एक हात आणि विरुद्ध बाजूचा पाय लांब करावा. धड तसूभरही फिरू देऊ नये. आरशासमोर बसून हीच स्थिती टिकविणे ही पुढची पायरी. वाकड्या कण्याच्या दोन बाजू सारख्या नसतात. तेव्हा कोणत्या कुशीवर कोणता व्यायाम द्यावयाचा, हे क्ष-किरणचित्र पाहून जाणकार फिजिओथेरपिस्टनेच ठरविले पाहिजे.

काही गोष्टी टाळणे तितकेच महत्त्वाचे आहे. अशा मुलींच्या छातीमागचा कणा पुष्कळदा सपाट झालेला असतो. खोल मागे वाकण्याच्या आसनांनी तो अधिकच सपाट होतो. झटक्याने पीळ देणे, मानेवर भार घेऊन पाय डोक्यामागे नेणे हेही योग्य नव्हे. मुळात लवचिक असलेल्या मुलीचे योगवर्गात कौतुक होते. परंतु तिला लवचिकतेपेक्षा स्थैर्याची गरज अधिक असते.

व्यायाम आणि वैद्यकीय देखरेख

म्हैसूर वैद्यकीय महाविद्यालयाची स्थापना १९२४ सालची असून कृष्णराजेंद्र रुग्णालय त्याच्याशी संलग्न आहे. तेव्हा व्यायामशिक्षक व अस्थिरोगतज्ज्ञ ही दोन्ही माणसे एकाच शहरात भेटू शकतात. एकाने दुसऱ्याची जागा घेऊ नये. व्यायाम सुरू करण्यापूर्वीचा कोन लिहून ठेवावा आणि पुढील मोजणी ठरल्या वेळी करावी. मोजणीतच चार-पाच अंशांचा फरक पडू शकतो. म्हणून दोन अंशांच्या घटीने हुरळून जाऊ नये, तसेच तेवढ्याच वाढीने घाबरू नये. पट्टा दिला असेल तर व्यायाम त्याच्या जोडीने, पट्टा काढलेल्या तासांत करावा. रात्री झोपमोड करणारी वेदना, पायांत बधिरता वा अशक्तपणा, लघवीवरील ताबा सुटणे अशी लक्षणे दिसल्यास व्यायाम थांबवून ताबडतोब डॉक्टरांकडे जावे.

बारा वर्षांच्या मुलीस पट्टा घालून शाळेत जाणे सोपे नाही. आपल्या शरीराविषयी तिच्या मनात संकोच उत्पन्न होतो आणि मोठ्या माणसांच्या चिंतेने तो वाढतो. दररोज अर्धा तास ती स्वतः काही करते, कालपेक्षा आज तिचा तोल अधिक वेळ टिकतो, या अनुभवाने तिला आपल्या शरीराचा ताबा परत मिळतो. व्यायामाचा हा लाभ क्ष-किरणचित्रावर उमटत नाही. परंतु पट्टा चिकाटीने वापरण्यास लागणारे मनोबळ पुष्कळदा येथूनच येते. कोनाची मोजणी तज्ज्ञाकडे आणि रोजचा अभ्यास मुलीकडे, अशी वाटणी ज्या घरात वेळेवर होते, तेथे वाढीची ती दोन-तीन मोलाची वर्षे वाया जात नाहीत.